दारात आडवा माग

आमच्या घराला रस्त्याकडे एकच खिडकी आहे आणि ती मागाची होती. लग्न होऊन पवनीत आले तेव्हा सासूनं पहिल्याच आठवड्यात सांगितलं, उजेड मागाला लागतो, चुलीला लागत नाही. चूल आपला उजेड आपण करते. तेव्हा मला ते हुशारीचं वाटलं होतं. माझं माहेर कोंढ्याचं. तिथंही माग होता, पण बाहेरच्या पडवीत, त्यामुळे घरात सगळ्यांना सारखा उजेड असायचा. इथं आल्यावर कळलं की उजेडाचीही वाटणी होते.

घर कसं आहे ते आधी सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही. दोन खोल्या, एकामागे एक. समोरची मागाची, मागची चुलीची. मागच्या खोलीच्या पाठीशी लहानसं अंगण, त्यात न्हाणी आणि संडास, आणि तिन्ही बाजूंनी दुसऱ्यांच्या भिंती. मागून निघायला वाट नाही. बाहेर पडायचं तर समोरच्या खोलीतूनच, आणि त्या खोलीत माग. आमचा माग खड्ड्याचा. विणणारा जमिनीवर बसतो, पाय खड्ड्यात सोडतो आणि खालच्या पट्ट्या पायानं दाबतो. माग खिडकीजवळ होता, मधे एका खाटेएवढी जागा सोडून. त्याचा ताणा, म्हणजे उभं सूत, तिथून खोलीभर मागे ताणत येऊन माझ्या उंबऱ्याजवळच्या खुंटाला बांधलेला होता. ताणा आणि भिंत यांच्या मधे एक माणूस अंग आडवं करून जाईल एवढी पट्टी. त्या पट्टीतून मी पाण्याचे गुंड नेले, सरपणाच्या मोळ्या आणल्या, काखेत पोर घेऊन गेले, गरोदरपणी श्वास आवळून गेले. पुढे पाय नीट टाकला नाही तर खड्डा. कधी पडले नाही. पडायचं ते न्हाणीत पडले.

गेल्या वर्षी भरपावसाळ्यात न्हाणीत घसरले आणि खुब्याचं हाड मोडलं. भंडाऱ्याला नेलं, ऑपरेशन झालं, आत लोखंड घातलं. घरी सोडताना चार पायांचा वॉकर दिला आणि सांगितलं, आजी, याच्याशिवाय चालायचं नाही, आणि रोज चालायचं. घरी आले तेव्हा कळलं की वॉकर त्या पट्टीतून जात नाही. आडवा केला तर मी उभी राहू शकत नाही, उभा केला तर तो मावत नाही. मग मला प्लास्टिकच्या खुर्चीत बसवलं आणि चार जणांनी खुर्ची उचलून ताण्याच्या वरून माझ्या खोलीत नेली. त्यातल्या रिक्षावाल्याचा पाय खड्ड्यात गेला. परत जाताना तोच लंगडत गेला.

त्या दिवसापासून मी आत. दवाखान्यानं पुन्हा तपासायला बोलावलं होतं, मी गेले नाही. खुर्चीत बसून देवीसारखं मिरवत जायला मला आवडत नाही.

हे सगळं एका चालत्या मागापायी झालं असतं तर मी काही बोलले नसते. मागानं आम्हाला जेवू घातलं होतं. पण तो माग दहा-अकरा वर्षं बंद होता. मोडला नव्हता. त्याच्यावर अर्धं लुगडं होतं, पांढऱ्या जमिनीचं, तांबड्या काठाचं. अर्धं विणून रुळावर गुंडाळलेलं आणि अर्धं सूतच. आमचा बुढा, म्हणजे माझा नवरा, रोज सकाळी त्यावरचं झाकण काढायचा, फडक्यानं धूळ झटकायचा, पुन्हा झाकायचा. झाकण म्हणजे माझंच जुनं पातळ. देवाचं त्यानं कधी एवढं केलं नाही.

का केलं ते सांगायला आमच्यातली एक रीत सांगावी लागेल. मागावर बसलेल्याला कापड पुरं होऊन मागावरून उतरेपर्यंत उठवायचं नाही. जेवायला, झोपायला उठतो ते वेगळं. पण एकानं धरलेलं कापड दुसऱ्यानं हाती घ्यायचं नाही आणि धरलेल्याला सोडायला लावायचं नाही. यात देवाधर्माचं काही नाही. फणी ओढून आडवं सूत ठोकताना कोणाचा हात जड असतो, कोणाचा हलका. हात बदलला की कापडात रेघ येते. डोळ्याला दिसली नाही तरी अंगठ्याला लागते. माझा सासरा एकदा तापानं महिनाभर पडून होता, तर माग महिनाभर झाकून ठेवला. घरात आमचा बुढा होता, तरणाताठा, हाताला काम नव्हतं, तरी बापाच्या कापडाला त्यानं हात लावला नाही.

आणि त्याच माणसानं आपल्या पोराला उठवलं.

आम्हाला एकच मुलगा. बापाच्या हाताखाली शिकला, चांगला विणायचा. एका सकाळी मागावर बसल्या बसल्याच त्यानं बापाला सांगितलं, की नागपूरला एका गोदामात काम मिळालं आहे, हे लुगडं उतरलं की जाईन. त्यानं रीत मोडली नव्हती. उतरवून जाईन म्हणाला होता. बुढा खिडकीपाशी उभा होता. मी उंबऱ्यात बसून आडव्या सुताच्या कांड्या भरत होते. बुढ्यानं आधी कापडाकडे पाहिलं. मग म्हणाला,

"ऊठ. मेल्या हाताचं कापड मले नको."

पोरानं माझ्याकडे पाहिलं. मी काय करणार होते? त्यानं आडवं सूत नेणारा धोटा कापडावर ठेवला, खड्ड्यातून पाय काढले आणि दुपारच्या एसटीनं गेला. धोटा तिथंच राहिला.

बुढ्याला पस्तावा झाला हे मला त्याच संध्याकाळी कळलं. भाजी खारट झाली होती आणि तो एक शब्द न बोलता जेवला.

मला काही पस्तावा नव्हता. पोरगं गेलं ते बरं झालं असंच मला वाटत होतं. आमच्या गल्लीत तेव्हा एकेक करून खड्डे बुजत होते. कोणी फरशी घातली, कोणी किराणा मांडला. आज ना उद्या आमचंही तेच होणार होतं. पण बुढ्यानं मनाशी ठरवलं, की पोरगा येईल, बसेल, लुगडं उतरवेल, आणि मग झालेलं न झाल्यासारखं होईल. हे त्यानं मला सांगितलं नाही. एवढी वर्षं संसार केल्यावर सांगावं लागत नाही.

पोरगा यायचा. पोळ्याला, दिवाळीला, पुढे लग्न झाल्यावर बायकोला घेऊन, मग लेकरं घेऊन. येताना पट्टीतून आत यायचा तो भिंतीकडे तोंड करून. मागाकडे पाहायचा नाही. बाप त्याला पाऊसपाण्याचं विचारायचा, तो सांगायचा. लुगड्याचा विषय दोघांनीही काढला नाही. तो गेला की बुढा अजून जोरानं धूळ झटकायचा.

तर असं ते दोघांचं होतं आणि मधे मी अडकले.

मागच्या खोलीतून काय दिसतं ते मला आता पाठ आहे. डाव्या हाताला चूल, म्हणजे आता गॅस. उजव्या हाताला अंगणाचं दार, त्यातून न्हाणीच्या वर दुसऱ्याच्या गच्चीचा कठडा आणि तिथं वाळत घातलेले कपडे. त्या घरातल्या बाईला मी कधी भेटले नाही, पण तिच्याकडे किती गाऊन आहेत आणि कोणता फाटला ते मला माहीत आहे. समोर उंबरा आणि उंबऱ्यापासून सुरू होणारं झाकलेलं सूत, मयतावर चादर घालावी तसं. त्याच्या पलीकडे खिडकी. सकाळी ऊन खिडकीतून यायचं, मागाच्या लाकडावर पडायचं, खड्ड्यात उतरायचं आणि तिथंच संपायचं. माझ्यापर्यंत यायचं नाही. मी खाटेवर बसून ते पाहायचे. एवढ्या जवळ ऊन आणि पाय गार.

रोज चाल म्हटलं होतं. मी चालायचे. खाटेपासून गॅसपर्यंत, गॅसपासून न्हाणीपर्यंत, परत खाटेपर्यंत. घाण्याच्या बैलाला निदान मालक हाकलतो, मला तेही कोणी नव्हतं.

बुढा समोरच्या खोलीत खिडकीखाली झोपायचा. भाजी आणली की पिशवी ताण्यावरून माझ्याकडे द्यायचा, मी शिजवलं की ताट ताण्यावरून त्याला द्यायची. सुताला धक्का लागू नये म्हणून तो दोन्ही हातांनी ताट धरायचा. बाळंतपणात मला त्यानं एवढं जपलं नव्हतं.

शेजारची एक बाई, माझ्या सुनेच्या वयाची, खिडकीच्या गजांना धरून माझ्याशी बोलायची. एवढ्या अंतरावरून बोलायचं म्हणजे ओरडावं लागतं, त्यामुळे आमचं सगळं बोलणं गल्ली ऐकायची. एकदा ती म्हणाली, काकू, तुम्हाले भेटाले आता पास काढा लागते का? मी म्हटलं, पास नको, जामीन घेऊन ये. बुढा तिथंच खाटेवर बसला होता. तो उठून चहाला निघून गेला.

मी त्याला विचारलं नव्हतं असं नाही. दवाखान्यातून आल्यावर चार दिवसांनीच विचारलं, की हे सूत गुंडाळून ठेवा, माग बाजूला घ्या, खड्ड्यावर फळ्या टाका. तो म्हणाला, सुटलं म्हणजे सुटलं. एवढंच. मग मी भांडले. मग गोड बोलले, ते मला जमत नाही. मग दोन दिवस स्वयंपाक केला नाही, तर तो माझ्यासाठीही बाहेरून आलूपोहे घेऊन आला आणि ताण्यावरून दिले. अशा माणसाशी काय भांडायचं?

एक दिवस तो बाहेर गेला असताना मी उंबऱ्याशी स्टूल ओढून बसले आणि झाकण मागे सारलं. खुंटाला बांधलेला ताणा माझ्या हाताशीच होता. कमरेच्या पिशवीत माझी कात्री असते, सुपारीची डबी असते. कात्री काढली. सूत पिवळं पडलं होतं, पण ताण होता. मी बोटानं एक छेडलं तर सगळा ताणा थरथरला, थेट खिडकीपर्यंत. एकदा कात्री मारली असती तर सगळं खाली बसलं असतं आणि मी रस्त्यावर गेले असते.

मी कापलं नाही. दया आली म्हणून नाही. कापलं असतं तर बुढा मला काही बोलला नसता, आणि तेच मला नको होतं. तो उरलेला जन्म गप्प बसला असता आणि मला त्याच दोन खोल्यांत त्याच्या गप्प बसण्याशेजारी राहावं लागलं असतं. आत्ता निदान वाट अडली होती. मग माणूसच अडला असता. मी कात्री परत पिशवीत ठेवली आणि झाकण होतं तसं केलं. तरी संध्याकाळी आल्यावर तो म्हणाला, पातळ कोनं हलवलं? मी म्हटलं, मांजर.

दुसऱ्या दिवशी मी नागपूरला पोराला फोन लावला. त्याला म्हटलं, ये आणि तुझं लुगडं उतरव. मागे गोदामात गाड्यांचे आवाज येत होते. तो म्हणाला, बाबांनी ते मला दाखवायलाच ठेवलं आहे. दर वेळी दारातून आत आलं की पहिलं तेच दिसतं, म्हणजे मी काय करून गेलो ते विसरू नये म्हणून. मी ऐकतच राहिले. एक जण पस्तावून झाकून ठेवत होता आणि दुसऱ्याला वाटत होतं ते आपल्यालाच दाखवायला ठेवलं आहे. दोघंही शिकलेले, बुढा सातवी, पोरगा बारावी. मी चौथी.

मी म्हटलं, दाखवाले ठेवलं का लपवाले ठेवलं ते तू येऊनच विचार. पण ये.

"बाबानं बोलावलं का?"

"बाबा बोलावन म्हणून बसून राहिली तं मी तिरडीवरच निघन. अन् तिरडी त्या पट्टीतून निघत नाई, मी मोजून पाह्यली."

तो हसला. मला हसू आलं नाही, कारण मी खरोखरच नजरेनं मोजून पाहिलं होतं.

धान कापणी सुरू झाली होती त्या दिवसांत तो आला. एकटाच. येणार म्हणून मी बुढ्याला आदल्या दिवशी सांगितलं आणि कशासाठी तेही सांगितलं. सकाळी मी भात टाकला तेव्हा बुढा उंबऱ्याशी आला आणि म्हणाला, पेज काढून ठेव, फेकू नको. मी त्याच्याकडे पाहिलं. भाताची पेज तो पीत नाही. पेज लागते ती खळीला. सुताला खळ लावली नाही तर ते विणताना तुटतं, आणि एवढ्या वर्षांचं सूत तर पहिल्याच ठोक्याला तुटलं असतं. मी पेज गाळून ताण्यावरून दिली. त्यानं झाकण काढून बाजूला ठेवलं, कुंचा ओला केला आणि खुंटापासून फणीपर्यंत सगळ्या सुतावरून फिरवला. एखादं घर बंद पडल्यावर तिथल्या माणसानं भिंतीला हात लावत जावं तसा तो हळू चालत होता. काही सुतं झुरळांनी खाल्ली होती, तिथं त्यानं गाठी मारल्या. घरात खळीचा वास आला. तो वास मला आवडत नाही, पण ओळखीचा आहे.

पोरगा आला, पाणी प्याला, आणि बापानं खळ लावलेली पाहून उभाच राहिला. मग त्यानं पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि खड्ड्याच्या काठावर बसला. पूर्वी तिथं सहज मावायचा. आता पोट सुटलं आहे, पुढच्या रुळाला लागत होतं. त्यानं श्वास आत घेतला आणि पाय खाली सोडले. धोटा त्यानं जिथं ठेवला होता तिथंच होता. त्यातली कांडी तो गेला त्या सकाळी मीच भरलेली होती. बुढा त्याच्याकडे पाठ करून खिडकीशी उभा राहिला. मी उंबऱ्यात, स्टुलावर.

मग आवाज आला. एवढ्या वर्षांनी तो आवाज ऐकला. पट्ट्या दाबल्याचा, धोटा गेल्याचा, फणी ठोकल्याचा. सुरुवातीला अडखळत होता, मग लागला. मधे दोन सुतं तुटली, त्यानं जोडली. मला वाटलं, चला, संध्याकाळपर्यंत उतरत नाही, पण चार-सहा दिवस राहिला तर उतरेल. मी मनातल्या मनात वॉकर घेऊन दारात पोचले होते.

थोडं विणून झाल्यावर आवाज थांबला. पोरगा खाली मान घालून कापडाकडे पाहत होता. बुढा वळला. वाकला. जुन्या कापडावरून नव्या कापडावर त्यानं अंगठा फिरवला, एकदा, मग परत उलटा.

"रेघ आली," तो म्हणाला.

"मी पयल्यासारखाच मारला, बाबा."

मला बसल्या जागेवरून रेघ दिसत नव्हती. पण पोराच्या तोंडावरून कळलं की ती नुसती अंगठ्याला लागणारी नव्हती, डोळ्यालाही दिसत होती. एवढी वर्षं गोदामात पोती उचलून त्याचा हात जड झाला होता. पहिलं कापड मऊ होतं, नवं गच्च. तोच माणूस, तोच माग, तेच सूत, बापानं जपून ठेवलेलं, आणि तरी कोणी परक्यानं मधेच येऊन बसावं तशी रेघ.

बुढा तसाच वाकून राहिला. त्याला वाकवत नाही जास्त वेळ, कंबर धरते, म्हणून तो शेवटी खड्ड्याच्या काठावर पोराच्या शेजारी बसला. दोघंही पाय खड्ड्यात सोडून. मागावर दोन माणसं अशी कधी बसत नाहीत.

"त्या दिशी तुले उठवाले नाई पायजे होतं मी," बुढा म्हणाला.

मला वाटलं पोरगा रडेल की काय. आजकालची पोरं रडतात. तो म्हणाला,

"नाई उठवलं असतं तं मी गेलोच नसतो, बाबा. हे उतरलं असतं, मंग तुमी दुसरं लावलं असतं. मी आजही अथीच असतो, खड्ड्यात."

हे ऐकून बुढ्याला बरं वाटलं की वाईट ते मला कळलं नाही. मी विचारलंही नाही. एवढी वर्षं ज्या गोष्टीसाठी माणूस स्वतःला खात होता, तीच दुसऱ्याच्या भल्याची निघाली. यानं ओझं उतरतं की ते वाहणंच फुकट गेलं असं वाटतं, ते त्याचं त्याला माहीत. त्यानं पोराच्या गुडघ्यावर हात ठेवला नाही की डोळे पुसले नाहीत. नवीन विणलेल्या भागावर अजून एकदा अंगठा फिरवला आणि म्हणाला, हात मेला नाई तुहा, जड झाला.

मग माझ्याकडे न पाहता म्हणाला, "कात्री दे वं."

कात्री माझ्या कमरेलाच होती. मी ती ताण्यावरून दिली. शेवटचीच वस्तू ताण्यावरून दिलेली.

त्यानं आधी रुळावरचं कापड सोडवून फणीच्या पुढून कापून घेतलं. मग फणीच्या मागे वीतभर सूत सोडून ताणा कापला. आमच्यात असंच कापतात. फणीत जुन्या सुताची टोकं ठेवायची, म्हणजे नवा ताणा लावताना एकेक नवं सूत एकेक जुन्या टोकाला जोडता येतं. नाहीतर सगळी फणी पुन्हा पहिल्यापासून भरावी लागते. म्हणजे आमचं कोणतंच कापड पहिल्यापासून सुरू होत नाही, मागच्याच्या शेपटीला बांधलेलं असतं. सासऱ्याच्या आज्यापासून चालत आलेली ती शेपटी असेल, कोणाला माहीत. त्याची कात्री चालली तशी सगळी सुतं खाली बसली आणि समोरची खोली एकदम मोठी झाली. मला पलीकडचं दार दिसलं, पायरी दिसली, पायरीवर झोपलेलं कुत्रं दिसलं. ते कुत्रं आमच्या दारात झोपतं हे मला माहीत नव्हतं.

बुढा मात्र फणीतली टोकं मूठमूठभर घेऊन गाठी मारत बसला, सुटून जाऊ नयेत म्हणून.

"आता कोनासाठी बांधून राहिले जी?" मी म्हटलं.

त्यानं हात थांबवला. माझ्याकडे पाहिलं. मग उरलेल्या गाठीही मारल्या, फणी माझ्या त्या जुन्या पातळात गुंडाळली आणि माळ्यावर ठेवून दिली. फणी माळ्यावर राहिली तर राहू दे. ती वाट अडवत नाही.

पोरानं दोन दिवस सुट्टी वाढवली. माग खोलून लाकडं भिंतीशी रचली. खड्डा बुजवायला ट्रॅक्टरभर मुरूम आणला. बुढ्यानं खड्ड्यात उतरून पायपट्ट्या स्वतः काढल्या, पोराला काढू दिल्या नाहीत. तळाशी माझ्या सासूच्या नाकातली मुरणी सापडली, जी हरवल्याबद्दल तिनं मला वर्षभर टोमणे मारले होते. मी ती उचलून पाहिली आणि सुनेला दे म्हणून पोराजवळ दिली. लुगडंही तोच घेऊन गेला. अर्धंच, रेघेसकट. काय करेल माहीत नाही. नेसण्याएवढं लांब नाही.

मुरूम टाकला, पाणी मारलं, धुमसानं ठोकून काढला. मी उंबऱ्यातून पाहत होते आणि मला घाई झाली होती. पोरगा म्हणाला, माय, उद्या चाल, अजून ओलं आहे. मी म्हटलं, उद्याचं उद्या. वॉकर उंबऱ्याबाहेर टाकला आणि सरळ मधून निघाले, जिथं ताणा होता तिथून. खोलीच्या मधोमध मी त्या घरात पहिल्यांदाच चालत होते. खड्ड्याच्या जागी आले तर वॉकरचा पुढचा पाय बोटभर रुतला. पोरगा धावला. मी त्याला थांब म्हटलं आणि ओढून काढला.

दारात गेले. बघण्यासारखं काही नव्हतं. समोरच्या घरानं वर मजला चढवला होता, त्यामुळे आमच्या दारात आता थोडा वेळ सोडला तर सावलीच असते. रस्ता सिमेंटचा झाला होता आणि तो आमच्या पायरीपेक्षा उंच केला होता, म्हणजे पावसाचं पाणी आता घरात येणार. शेजारची आली आणि म्हणाली, सुटल्या का काकू? मी तिला म्हटलं, पायरीवर बसायला चटई आण, बोलू नको.

आता मी सकाळी दोन तास तिथं बसते. तेवढंच ऊन असतं. पुढच्या महिन्यात रिक्षात बसून एकटी कोंढ्याला जाऊन येणार आहे. माझा भाऊ अजून आहे. पोरगा म्हणतो मी येतो सोबत, मी त्याला नको म्हटलं.

खड्डा पहिल्या पावसात बसला. तिथं खोलगट झालं, पुन्हा मुरूम टाकला. परत बसला. गवंडी म्हणाला, एवढ्या वर्षांचा खड्डा आहे, दोन-तीन पावसाळे जातील, तोवर फरशी घालू नका. म्हणून अजून मातीच आहे. मी त्यावरून वॉकर घेऊन जाते, कधी रुततो, कधी नाही.

बुढा अजून भिंतीच्या कडेनंच जातो. आडवं अंग करून, पिशवी छातीशी धरून, मधे एवढी मोकळी जागा असताना. एकदा मी म्हटलं, अहो, मधून या ना. तो थांबला, खाली पाहिलं, आणि पुन्हा कडेनंच आला.